बाळ गमावलेल्या आई-बापांसाठी वॉर्डातली सिस्टर काय करू शकते?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: उपनगरातल्या एका रुग्णालयात लेबर वॉर्डला लागून तुला दोन वर्षं होत आली. मागच्या महिन्यात तुझ्या रात्रपाळीत दिवस भरलेली एक बाई कळा घेऊन आली, बाळाची हालचाल कालपासून लागत नव्हती, सोनोग्राफीत ठोके मिळाले नाहीत. पहाटे प्रसूती झाली आणि तुझी ड्युटी सुटायच्या आत बाळ नातेवाइकांच्या ताब्यात गेलंसुद्धा. त्या सगळ्या वेळात तिच्याशी काय बोलावं हे तुला सुचलं नाही, म्हणून तू सलाइन, बीपी आणि कागद यांतच गुंतून राहिलीस. आता विचारतेस, अशा वेळी नर्सने नेमकं करायचं काय, बाळ आईला दाखवायचं की नाही, आणि आपल्याच डोळ्यांत पाणी आलं तर चालतं का.

मी मुंबईतच लेबर वॉर्ड आणि एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) दोन्हीकडे बरीच वर्षं काढली, हल्ली नव्या मुलींना शिकवते. माझं मत आधीच सांगून टाकते. अशा वेळी सगळ्यांना घाई झालेली असते. सासरच्यांना बाळ लवकर न्यायचं असतं, रेसिडेंटला पुढची केस दिसत असते, वॉर्डबॉय मामा बॉडी खाली न्यायला दारात उभे असतात, इनचार्जला टेबल रिकामं हवं असतं. आईला मात्र काय झालं हे अजून पुरतं कळलेलंही नसतं. ही घाई अडवणं तुझ्या हातात असतं, आणि दुसऱ्या कोणाच्या फारसं नसतं. नंतर ओपीडीत भेटलेल्या बायकांनी मला सिस्टर काय बोलल्या ते क्वचितच सांगितलं. 'मला कोणी विचारलंच नाही' हे मात्र पुष्कळ जणींनी सांगितलं. म्हणून शब्दांची काळजी सोड. विचारत जा, आणि उत्तर यायला वेळ दे.

सुरुवात ठोके न मिळण्यापासून होते. बहुतेक वेळा हे पहिल्यांदा आपल्यालाच कळतं, कारण ठोके ऐकायचा डॉपलर आपल्या हातात असतो. 'मशीन नीट चालत नाहीये' असं म्हणून वेळ मारून नेऊ नकोस. दहा मिनिटांनी डॉक्टर वेगळंच सांगतात, आणि मग ती आपल्यावर पुढे कशालाही विश्वास ठेवत नाही. 'मला ठोके मिळत नाहीयेत, मी डॉक्टरांना बोलावते, सोनोग्राफी करून बघू' इतकं सरळ सांगावं. तोवर तिचं कोण बाहेर उभं आहे ते बघ. आपल्याकडे लेबर वॉर्डात पुरुषांना सोडत नाहीत हे मलाही माहीत आहे, पण निदान आई, बहीण, नणंद कोणीतरी आत असू दे. केंद्र सरकारच्या 2017 च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही प्रसूतीच्या वेळी सोबत माणूस असावं असं आहे, तेव्हा इनचार्जकडे हक्काने माग. नवऱ्याला बातमी बाहेरच्या पॅसेजमध्ये, शंभर माणसांत, कागदावर सही घेता घेता देऊ नये. दुसरी जागा नसेल तर ड्रेसिंग रूममध्ये ने.

बातमी कळल्यावरही काही बायका म्हणतात, 'सिस्टर, आत्ता हललं.' कुशीवर वळताना पाण्यात बाळ सरकतं, ते तिला हालचालीसारखं जाणवतं. तिला वेड्यात काढू नकोस. हे असं का होतं ते सांग, आणि तिने मागितलं तर डॉक्टरांना सांगून पुन्हा एकदा सोनोग्राफी दाखवायला लाव. दुसऱ्यांदा पडद्यावर बघितल्यावरच काहींना पटतं.

कळा सुरू नसतील तर घरचे पहिलं वाक्य बोलतात ते म्हणजे 'सिझर करून काढून टाका, तिला अजून त्रास नको.' हेतू चांगलाच असतो. पण पोटावर जखम, ती भरायला लागणारे आठवडे आणि पुढच्या गरोदरपणात जुन्या व्रणाची जोखीम, हे सगळं अंगावर घेण्यासारखं दुसरं वैद्यकीय कारण नसेल तर डॉक्टर कळा आणण्याचाच सल्ला देतात. गोळ्या देऊन प्रसूती व्हायला एक-दोन दिवस लागू शकतात, हे आधीच सांगावं, नाहीतर दर तासाला 'एवढा उशीर का' म्हणून भांडण होतं. आणि दुखणं कमी करण्यात हात आखडता घेऊ नकोस. 'बाळासाठी जपायचं' हे कारण आता उरलेलं नाही. वेदनाशामक इंजेक्शन, जिथे सोय असेल तिथे एपिड्यूरल (कळांसाठी पाठीत देतात ते इंजेक्शन), तिच्यासाठी डॉक्टरांच्या मागे लागून मागून घे. या बाईला कळा मुकाट सोसायला लावणं मला आजवर समजलेलं नाही.

प्रसूतीच्या आधी दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. बाळ रडणार नाही, खोली शांत असेल. आणि बाळ कसं दिसू शकतं. बाळ पोटात दगावून काही तास उलटले असतील तर त्वचा नाजूक होते, सुटायला लागते, ओठ गडद लाल दिसतात, डोक्याची हाडं एकमेकांवर सरकलेली असू शकतात. हे आधी सांगितलं तर बघताना धक्का कमी बसतो. बाळ घेताना स्टीलच्या ट्रेमध्ये घेऊ नये. जिवंत बाळासाठी घेतो तसंच कोरडं, मऊ कापड घ्यावं. त्वचा सुटत असेल तर पुसायच्या नादाला लागू नकोस, अलगद टिपून गुंडाळ. टोपरं घातलं की डोक्याचा आकार झाकला जातो. घरून झबलं-दुपटं आणलेलं असतं, बॅगेत तसंच पडून असतं. ते मागून घे आणि घाल. वजन कर, आणि मुलगा की मुलगी हे आईला सांग. जिवंत बाळाच्या वेळी आपण तिच्याच तोंडून ते वदवून घेतो. बाळ गेलं म्हणून तिचा तो हक्क जात नाही.

आता दाखवायचं की नाही. आपल्या समाजात घट्ट समजूत आहे की आईने बघितलं तर ते डोळ्यांसमोरून हलत नाही. सासू, आई, कधी कधी वॉर्डातल्या मावशीसुद्धा, सगळ्या मिळून 'तिला दाखवू नका हो सिस्टर' म्हणतात. अभ्यासांतूनही एकच एक उत्तर मिळालेलं नाही: काहींत बाळ जवळ घेतलेल्या आयांना नंतर जास्त त्रास झालेला दिसला, पुढच्या बऱ्याच अभ्यासांत बघितल्याचं समाधान दिसलं. त्यामुळे मी कोणावर दाखवण्याची सक्ती करत नाही, आणि लपवण्यातही सामील होत नाही. मी आईलाच विचारते. तेही एकदाच नाही. पहिल्या पाच मिनिटांत बहुतेक जणी मान फिरवतात. तासाभराने 'बाळ अजून इथेच आहे, तुम्हाला बघायचं असेल तर मी घेऊन येते, नको असेल तरी चालेल' असं म्हटलं की त्यांतल्या कितीतरी जणी हो म्हणतात. काहींना फक्त पाय बघायचे असतात, काहींना हात लावायचा असतो. काही म्हणतात, 'सिस्टर, तुम्हीच सांगा कसं आहे.' मग सांगायचं: केस दाट आहेत, बोटं लांब आहेत, नाक बाबांसारखं दिसतंय. जे दिसतं तेच सांगायचं, सजवून नाही.

सासूबाईंशी वाद घालून उपयोग होत नाही. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणते, 'आजी, तुम्ही तिच्या काळजीनेच बोलताय हे मला कळतं. पण उद्या ती विचारेल की माझं बाळ कसं होतं, तेव्हा तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर आहे का? तिला विचारू तरी द्या. ती नाही म्हणाली तर मी परत विषय काढणार नाही.' बहुतेक आज्या ऐकतात. एखादी आजी तेवढ्यात हळूच सांगते की तिचंही एक गेलं होतं, आणि तिला कोणी दाखवलं नव्हतं. मग तीच सुनेजवळ जाऊन बसते.

आठवणीसाठी काही ठेवायचं का, हेही विचार. त्याला काही महागडं लागत नाही. केसपेपरवर पायाचा ठसा घेण्यासाठी वॉर्डात स्टॅम्प पॅड असतंच. एक ठसा वेगळ्या कोऱ्या कागदावर घ्यायचा. त्वचा सुटत असेल तर तो नाद सोड. हातातला नावाचा पट्टा, टोपरं, केसांची एखादी बट, जे त्यांना हवं असेल ते. काहींना यातलं काहीच घरात नको असतं, तेही बरोबरच आहे. फोटो काढायचा असेल तर त्यांच्याच फोनवर, त्यांनीच, आणि रुग्णालयाचा नियम काय आहे ते विचारून. आपल्या फोनवर कधीही नाही, अगदी 'नंतर पाठवते' म्हणूनसुद्धा नाही.

अंत्यविधीच्या बाबतीत स्वतःच्या घरची पद्धत मनात धरून बसू नकोस. हिंदू घरांत इतकं लहान बाळ बहुतेक जाळत नाहीत, पुरतात, आणि बायका सहसा जात नाहीत. आईला तर जागाही माहीत नसते. बाप किंवा काका निघाले की मी सांगते, 'कुठे ठेवलं ते लक्षात ठेवा, ती कधीतरी विचारेल.' मुस्लिम कुटुंबांना दफन लवकर करायचं असतं. तिथे थांबवून धरणं म्हणजे त्रास, तिथे कागद झटपट तयार करून देणं हीच मदत. वसई-उत्तनकडची कॅथलिक कुटुंबं बाळात धुगधुगी असताना बाप्तिस्म्यासाठी फादरना बोलावतात, आणि फादर पोहोचणार नसतील तर अडीअडचणीला तो कोणीही देऊ शकतं. आपल्यातल्या केरळच्या सिस्टरांना हे नीट माहीत असतं. अर्थात आई-बापांनी मागितलं तरच. कोणतं घर काय करेल हे नावावरून ठरवू नकोस, विचार.

बाळ देताना कसं देतेस तेही महत्त्वाचं. बाप बाहेर उभा असतो आणि कोणीतरी पिशवीत घातलेलं काहीतरी त्याच्या हातात ठेवतं, हे मी बघितलेलं आहे आणि ते टाळता येतं. दुपट्यात गुंडाळून, चेहरा नीट झाकून, दोन्ही हातांनी द्यावं. आठवडे कमी असलेल्या गर्भपातात आणखी एक घोळ होतो. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जगण्याच्या मर्यादेखालचा, म्हणजे बाहेर जगू शकणार नाही इतका लहान गर्भ पिवळ्या पिशवीत जातो, म्हणून मावशी सवयीने टाकून मोकळ्या होतात. अठराव्या आठवड्यात गेलेलंही त्या बाईसाठी बाळच असतं. आधी तिला विचार, हवं असेल तर इनचार्ज आणि डॉक्टरांशी बोलून ठरवा. पिशवीत गेल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

कागदांचं थोडक्यात. 28 आठवड्यांनंतर मृत जन्मलेल्या बाळाची नोंद वेगळ्या नमुन्यावर मृत जन्म म्हणून होते, रुग्णालयाने ती 21 दिवसांच्या आत पालिकेला कळवायची असते. पण बाळाने एक श्वास घेतला, ठोके लागले किंवा हातपाय हलवले आणि मग गेलं, तर ते जिवंत जन्मलेलं असतं. जन्म आणि मृत्यू दोन्हींची नोंद होते, मग ते काही मिनिटंच का जगेना. म्हणून जन्माच्या क्षणी काय दिसलं आणि किती वाजता, हे तू नीट लिहिलं पाहिजेस. घरचे कधी 'नोंदच नको' म्हणतात, कधी नंतर दाखला मागायला येतात. दोन्ही वेळी तुझ्या नोंदीवरच सगळं अवलंबून असतं.

तुझ्या प्रश्नात नव्हतं, पण मुंबईत फार वेळा घडतं ते सांगते. आई एका रुग्णालयात, बाळ दुसऱ्या. पालघर, वसई, कल्याणकडून बाळ अँब्युलन्समधून मोठ्या एनआयसीयूत येतं, आईचे टाके ओले म्हणून ती तिकडेच, आणि बाप लोकलने दोन्हीकडे फेऱ्या मारतो. बाळ जातं. घरचे ठरवतात की आईला एवढ्यात सांगायचं नाही. 'बाळ काचेच्या पेटीत आहे, बरं आहे' असं तिला दोन-दोन, तीन-तीन दिवस सांगतात. ती दूध काढून डबीत भरून पाठवते. हे नाटक सिस्टरनेही पुढे चालवावं अशी त्यांची अपेक्षा असते.

मी स्पष्ट सांगते: 'मी स्वतःहून जाऊन सांगणार नाही, ते तुमचं काम आहे. पण तिने मला सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. आजच सांगा. तुम्ही सांगताना मी शेजारी उभी राहते, तिला चक्कर आली, बीपी वाढलं तर आम्ही आहोत.' घरच्यांना खरी भीती तिच्या तब्येतीची असते, ती भीती आपण उचलली की ते तयार होतात. आणि सांगितल्यावर बऱ्याच जणी म्हणतात, मला कळलंच होतं. सगळ्यांचे चेहरे, शेजारच्या बाईने अचानक बोलणं बंद करणं, यातून तिला कळलेलं असतं. बाळ अजून शवागारात असेल तर तिला बघता येतं, म्हणूनच 'आजच' यावर मी अडून बसते.

एनआयसीयूत बाळ हातचं जातंय असं डॉक्टरांनी सांगितलं की भेटीच्या वेळा बाजूला ठेवाव्यात. आजी-आजोबांना आत येऊ दे. आई दुसरीकडे असेल तर तिथल्या सिस्टरला फोन लाव, आणता येत असेल तर व्हीलचेअरवरून आणायला सांग, ते जमत नसेल तर व्हिडिओ कॉल. इन्क्युबेटरच्या भोकातून हात घालायला लावण्यापेक्षा बाळ तिच्या मांडीवर दे, कांगारूसारखं छातीशी धरता आलं तर उत्तमच. मॉनिटरचा आवाज बंद कर, नाहीतर सगळे आकड्यांकडेच बघत बसतात आणि बाळाकडे कोणी बघत नाही. शेवटचे श्वास थांबून थांबून येतात, मध्येच एखादा उसासा येतो, याला वेळ लागू शकतो, हे आधी सांग. नाहीतर प्रत्येक श्वासाला 'परत आलं का' अशी आशा लागते. नळ्या, चिकटपट्ट्या काढल्यावर आई-बाप बाळाचा पूर्ण चेहरा कधी कधी पहिल्यांदाच बघतात. त्या वेळी तिथून कोणी घाईने उठवू नये. फ्रिजमध्ये तिच्या नावाच्या दुधाच्या डब्या असतील तर त्यांचं काय करायचं ते नंतर, सवडीने तिलाच विचार.

लेबर वॉर्डातून बाहेर काढल्यावर हिला कुठे ठेवायचं? पीएनसी, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डात दोन्ही बाजूंना बाळं. म्हणून आपण तिला गायनॅक (स्त्रीरोग) वॉर्डात हलवतो, आणि ते योग्यच आहे. पण तिथे एक गोष्ट नेहमी निसटते. गायनॅकच्या सिस्टर तिला ऑपरेशनच्या पेशंटसारखं बघतात, आणि ती बाळंतीण आहे हे सगळे विसरतात. गर्भाशय आवळलंय का, अंगावरून किती जातंय, टाके कसे आहेत, बीपीच्या बाईचं बीपी, आरएच निगेटिव्ह असेल आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह असेल तर 72 तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन, हे सगळं तसंच लागतं. हँडओव्हर देताना हे एकेक करून सांग. सोबत हेही सांग की तिला काय माहीत आहे, बाळ बघितलंय की नाही, नाव ठेवलं होतं का. केसपेपरच्या वर ठळक लिहून ठेव. सकाळी राउंडला येऊन कोणीतरी 'बाळ कुठंय, दूध पाजलं का' असं विचारतं, ते टाळण्यासाठी एवढी ओळ पुरते.

दुधाबद्दल कोणी बोलतच नाही. बाळ असो नसो, दोन-चार दिवसांत छातीत दूध उतरतं. साधारण सोळा आठवड्यांनंतरच्या गर्भपातातही उतरू शकतं. तोवर ही घरी गेलेली असते. रात्री ब्लाउज ओला होतो, छाती दगडासारखी होते, ताप भरतो, आणि तिला वाटतं आपलं शरीरच आपली थट्टा करतंय. डिस्चार्जच्या आधी तिला आणि तिच्या आईला बसवून सांगावं: नीट बसणारी, आधार देणारी ब्रा घालायची, घट्ट फडकं बांधायचं नाही. थंड पट्ट्या ठेवायच्या. फार ठणकलं तर हलकं होण्यापुरतं थोडं काढायचं, पूर्ण रिकामं करायचं नाही, म्हणजे हळूहळू आटतं. गरम शेक नको, त्याने आणखी उतरतं. एखादा भाग लाल होऊन ताप आला तर लगेच यायचं. दूध आटवायची कॅबरगोलिनची गोळी असते, ती पहिल्याच दिवशी दिली तर जास्त उपयोगी, म्हणून डॉक्टरांना तूच आठवण कर. पण बीपी वाढलेलं असेल तर ती देत नाहीत, हेही तुझ्या ध्यानात हवं. एनआयसीयूत महिनाभर दूध काढत आलेल्या आईने एकदम बंद करू नये, दोन वेळांतलं अंतर वाढवत न्यावं.

काही आया विचारतात, माझं दूध दुसऱ्या बाळाला देता येईल का. येतं. आपल्या सायनच्या रुग्णालयात 1989 साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. पेढीत आईच्या रक्ताच्या तपासण्या बघून, दूध पाश्चराइझ करून मगच ते कमी दिवसांच्या बाळांना देतात. कोणाला यातून बळ मिळतं. पण हा विषय तिने काढला तरच. आपल्याकडे दुधाची गरज आहे म्हणून तिच्यापुढे हात पसरू नये.

काय बोलू नये हे तुला ठाऊकच असेल, तरी सांगते. 'दुसरं होईल', 'वय आहे अजून', 'देवाला प्यारं झालं', 'अपंग जगण्यापेक्षा बरं', 'रडू नको, टाके तुटतील'. जुळ्यांतलं एक गेलेल्या आईला 'एक तरी वाचलं ना' हे तर अजिबात नाही. 'फार वाईट झालं, मी इथेच आहे' एवढंच पुष्कळ होतं. बाळाचं नाव ठरलं असेल तर नावाने बोल. आणि 'बेड नंबर सात, आययूडी' (पोटातच बाळ गेलेली) ही आपली वॉर्डातली भाषा तिच्या कानावर पडणार नाही असं बघ.

दोष मात्र खोडून काढावाच लागतो, आणि तोही सगळ्यांसमोर. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, माहेरी जिना चढली, कामावर जात राहिली, नाहीतर थेट तिचा पायगुणच वाईट. भेटीच्या वेळेत नातेवाईक जमलेले असताना मी मोठ्याने म्हणते, 'ग्रहणाने, पपईने बाळ जात नाही. हिने काही चुकीचं केलेलं नाही.' डॉक्टरांच्या तपासण्या व्हायच्या आत कारण मात्र सांगू नकोस. वार (प्लॅसेंटा) तपासणीला पाठवली का, बाळाच्या तपासणीबद्दल डॉक्टर बोलले का, ते बघ. वार कचऱ्यात गेली की एक धागा कायमचा जातो. बऱ्याचदा सगळं करूनही कारण सापडत नाही, हेही त्यांना आधीच माहीत असलेलं बरं.

बाप या सगळ्यात धावत असतो. कागद, पैसे, खड्डा, गाडी, गावाकडचे फोन. त्याला कोणी बसही म्हणत नाही. एक कप चहा आणि 'तुम्ही बघितलंत का बाळाला?' हा प्रश्न, बस. काही जण तिथेच भिंतीला टेकून रडतात. रडू दे.

घरी सोडताना आणखी काही. नोकरी करणारी असेल तर तिला रजेचं सांग, तिच्या ऑफिसात कोणी सांगणार नाही. प्रसूती रजेच्या कायद्यात 26 आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताला सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि त्यानंतर बाळ मृत जन्मलं तरी ती प्रसूतीच धरतात, म्हणजे प्रसूतीची रजा मिळते. डिस्चार्ज कार्डावर आठवडे आणि तपशील स्पष्ट लिहिलेले असतील याची खात्री कर. पालिकेच्या हेल्थ पोस्टला कळव, नाहीतर दीड महिन्याने आरोग्यसेविका लसीकरणाचं कार्ड मागत दारात उभी राहते, मोबाइलवर बाळाच्या डोसचे मेसेज येत राहतात. दूध पाजत नसल्यामुळे बीज महिन्याभरातसुद्धा तयार होऊ शकतं, म्हणून गर्भनिरोधनाचं बोलणं टाळू नये, फक्त ते प्रसूतीच्या टेबलावर नको. फॉलोअपला तिला बाळंतिणींच्या रांगेत बसवू नका, शेवटची किंवा पहिली बोलवा.

रडणं, चिडणं, बाळाचा आवाज आल्यासारखं वाटणं, हातात काहीतरी धरावंसं वाटणं, हे दुःखातलंच आहे. पण झोपायला मिळूनही झोप नाही, जेवण बंद, दिवसचे दिवस अंथरुणातून उठत नाही, 'मलाही त्याच्याकडे जायचंय' असं बोलते, तर थांबू नये, मानसोपचार ओपीडीला पाठवावं. घरच्यांना टेलिमानसचा 14416 हा नंबर कार्डावर लिहून दे, तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. वॉर्डच्या एमएसडब्ल्यू (समाजसेविका) मॅडमना पहिल्याच दिवशी बोलव, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

तुझ्या डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि आई-बापांना ते खुपत नाही. फक्त तिला आपल्याला सावरावं लागेल इतकं नको. तसं वाटलं तर शेजारच्या सिस्टरला उभं करून पाच मिनिटं बाहेर जा. अशा बाळंतपणानंतर लगेच त्याच मुलीला पुढच्या टेबलावर हसतमुखाने उभं करू नये, हे मी इनचार्जना नेहमी सांगते. माणसं कमी असतात, दरवेळी जमत नाही. पण विचारायला काय जातं? आणि ड्युटी संपल्यावर कोणाशी तरी बोल. विरार लोकलच्या लेडीज डब्यात कोपऱ्यात बसून एकटीने गिळत राहू नकोस.

शेवटचं, पुढच्या गरोदरपणाचं. ती परत तुमच्याकडेच येईल, किंवा मुद्दाम दुसरीकडे जाईल. आली तर फाइलवर मागचं ठळक लिहिलेलं असू दे, म्हणजे दर ओपीडीत नव्या डॉक्टरला तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार नाही. मागचं बाळ ज्या आठवड्यात गेलं तो आठवडा जवळ आला की ती वरचेवर येईल, कधी नुसती 'आज कमी हलतंय' म्हणून. ओपीडीची वेळ नाही, नंबर लागलेला नाही म्हणून तिला परत पाठवू नकोस. ठोके ऐकवून तेवढ्यावर घरीही पाठवू नकोस, डॉक्टरांना दाखव. रात्री दोन वाजता आली तरीही.